शिकागोचे एड बर्क : ५४ वर्षं नगरसेवक, मग दोन वर्षांची शिक्षा

दप्तरी

इलिनॉय विधानसभेचे माजी अध्यक्ष मायकेल मॅडिगन यांच्यावरच्या चर्चेत एड बर्क यांचं नाव तीन-चारदा आलं आणि गाडी तिकडेच वळली, म्हणून हा वेगळा धागा. प्रकरणाचा सांगाडा मी मांडतो, तपशिलाची भर जाणकारांनी घालावी.

एडवर्ड बर्क हे शिकागोच्या १४व्या प्रभागाचे ऑल्डरमन, आपल्या भाषेत नगरसेवक. शहरात प्रभाग ५०, एकेकात साधारण ५५ हजार वस्ती. वडील जोसेफ बर्क याच प्रभागाचे नगरसेवक होते, ते १९६८ मध्ये गेले. मुलगा तेव्हा २४ वर्षांचा. पोलिसात नोकरी करत करत त्याने वकिली पुरी केली होती. त्याने आधी डेमोक्रॅटिक पक्षाचं प्रभागातलं कमिटीमनचं पद घेतलं आणि मार्च १९६९ मध्ये वडिलांची खुर्ची. ती सुटली थेट मे २०२३ मध्ये. शिकागोच्या इतिहासात इतका काळ कोणीच नगरसेवक राहिलेलं नाही.

१९८० मध्ये कुक काउंटीच्या सरकारी वकिलाच्या पदासाठी ते पक्षांतर्गत निवडणूक लढले आणि रिचर्ड एम. डेली यांच्याकडून हरले. १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, तेव्हा ५० पैकी २९ नगरसेवकांनी, जवळजवळ सगळे गोरे, गट बांधून त्यांचा कारभार अडवून धरला. गटाचे म्होरके दोन, एडवर्ड व्हर्डोलियाक आणि बर्क. त्याच साली बर्क वित्त समितीचे अध्यक्ष झाले. मधली १९८७ ते ८९ ही दोन वर्षं सोडली तर जानेवारी २०१९ पर्यंत ती समिती त्यांच्याच हातात होती. आपल्याकडची स्थायी समिती डोळ्यांपुढे आणा, पण अध्यक्ष दरवर्षी बदलत नाही आणि समितीचा नोकरवर्ग अध्यक्षाच्याच मर्जीतला.

२९ नोव्हेंबर २०१८ ला एफबीआयची माणसं महापालिकेच्या मुख्य इमारतीतल्या त्यांच्या कार्यालयात शिरली, कर्मचाऱ्यांना बाहेर काढलं आणि दाराच्या काचांना आतून खाकी कागद चिकटवला. ५१व्या रस्त्यावरच्या प्रभाग कार्यालयातही तेच. त्या खाकी कागदाचा फोटो दुपारपर्यंत शहरभर फिरला होता.

जानेवारी २०१९ मध्ये पहिली तक्रार दाखल झाली, मे २०१९ मध्ये पूर्ण आरोपपत्र. २१ डिसेंबर २०२३ ला ज्युरीने १४ पैकी १३ आरोपांत दोषी ठरवलं. २४ जून २०२४ ला दोन वर्षं तुरुंग आणि २० लाख डॉलर दंड.

मला यात रस आहे तो एका गोष्टीसाठी. साऱ्या खटल्यात रोकड कुठेच नाही. पाकीट नाही, बॅग नाही, फार्महाऊस नाही. मागणी बहुतेक एकच, तुमचं मालमत्ता कराचं काम माझ्या वकिली फर्मला द्या.

---

तिरकस

म्हणजे पावतीसकट लाच! आमच्याकडचे लोक उगाच पावडर लावलेल्या नोटांत हात रंगवून घेतात.

---

करआकारणी

दप्तरींच्या शेवटच्या वाक्यावर सगळं प्रकरण उभं आहे, त्यामुळे आधी तो कर कसा बसतो ते पाहू. त्याशिवाय ही फर्म एवढी मोलाची का होती ते कळत नाही.

कुक काउंटीत असेसर मालमत्तेची बाजारकिंमत ठरवतो. राहत्या घरासाठी तिच्या १० टक्के आणि व्यापारी इमारतीसाठी २५ टक्के हे आकारणी मूल्य. त्याला राज्याने दिलेल्या गुणकाने गुणायचं (अलीकडे तो ३ च्या आसपास असतो) आणि येणाऱ्या आकड्यावर स्थानिक दर लावायचा. समजा व्यापारी इमारत १ कोटी डॉलरची आहे. २५ टक्के म्हणजे २५ लाख. गुणिले ३, म्हणजे ७५ लाख. दर सोयीसाठी ७ टक्के धरा, वर्षाचा कर सव्वापाच लाख. वकिलाने बाजारकिंमत २० टक्क्यांनी खाली आणून दिली की वर्षाला १ लाख ५ हजार वाचतात. फेरआकारणी तीन वर्षांनी होते, म्हणजे एका अपिलात तीन लाखांच्या वर. वकिलाची फी बहुधा या बचतीतला हिस्सा असते. इमारतमालकाला खिशातून आगाऊ काहीच काढावं लागत नाही.

अपिलाच्या पायऱ्या अशा : पहिलं असेसरकडे, दुसरं बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे, तिथेही जमलं नाही तर राज्याच्या अपील मंडळाकडे किंवा कोर्टात. भाडेकरार, रिकाम्या गाळ्यांचा हिशेब, उत्पन्न-खर्चाचे तक्ते जोडायचे. काम किचकट नाही, पण दर तीन वर्षांनी येतंच येतं. एकदा मोठा अशील मिळाला की वीस वर्षांची बेगमी.

यातली मेख पुढेच आहे. महापालिका, शाळा मंडळ, उद्यान मंडळ यांना किती रक्कम गोळा करायची ते आधी ठरतं आणि मग ती मालमत्तांवर वाटली जाते. एका टॉवरचं मूल्य उतरलं की गोळा होणारी रक्कम घटत नाही, ती बाकीच्यांच्या बिलात सरकते. म्हणजे वित्त समितीचे अध्यक्ष सकाळी शहराचा कर ठरवणार, आणि त्यांचीच फर्म क्लॅफ्टर अँड बर्क बड्या इमारतींचा वाटा कमी करून १४व्या प्रभागातल्या बंगलीवाल्याच्या माथी मारणार. डाउनटाउनमधला ट्रम्प टॉवरही बरीच वर्षं त्यांच्या अशिलांत होता.

आणि हे सगळं कायदेशीर होतं.

---

गोदाकाठ

कायदेशीर कसं? हितसंबंध जाहीर करायचा नियम नव्हता का?

---

करआकारणी

होता. सभागृहाच्या नियमाप्रमाणे अशिलाशी संबंधित विषय आला की नगरसेवकाने मतदानातून अंग काढून घ्यायचं. बर्क ते इमानेइतबारे करत, वर्षानुवर्षं, आणि इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा. अडचण अशी की मत न देणारा माणूसच समितीचा अध्यक्ष. विषयपत्रिकेवर काय येणार, कधी येणार, कुठला कागद महिनाभर टेबलावर पडून राहणार, हे मतदानाच्या कितीतरी आधी ठरतं. अंग काढून घेतल्याची नोंद इतिवृत्तात होते. कागद अडकवल्याची नोंद कुठे व्हायची?

---

लेकव्ह्यू

वर 'अडकवणे' हा शब्द आलाय, तर त्याची यंत्रणा सांगतो. शिकागोत 'ऑल्डरमनचा विशेषाधिकार' नावाची प्रथा आहे. कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. तुमच्या प्रभागात झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचे नियम) बदलायचंय, पदपथावर छपरी काढायचीय, पदपथ उतरता करून गाडी आत घ्यायचीय, पाटी टांगायचीय, तर स्थानिक नगरसेवकाचं पत्र लागतं. त्याने नाही म्हटलं की बाकीचे ४९ त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत, कारण उद्या त्यांच्या प्रभागात त्यांनाही तेच हवं असतं.

बर्गर किंगचं प्रकरण यातूनच आलं. दक्षिण पुलास्की रस्त्यावर, ४१व्या रस्त्याजवळ त्यांचं एक दुकान बर्क यांच्या प्रभागात येतं. २०१४ मध्ये लक्वान मॅकडॉनल्ड या मुलाला पोलिसाने १६ गोळ्या घातल्या, त्या जागेजवळचंच हे दुकान. टेक्सासमधली कंपनी अशी बरीच दुकानं चालवते. २०१७ मध्ये तिने इथे नूतनीकरण काढलं.

क्रम लक्षात घ्या. जूनमध्ये मालक टेक्सासहून आले, बर्क यांनी त्यांना एका कंट्री क्लबात जेवायला नेलं. शिकागो परिसरातल्या दुकानांचं करकाम कोण बघतं, अशी चौकशी झाली. मालकांनी बघू म्हटलं आणि परत गेले. काम काही आलं नाही. ऑक्टोबरमध्ये नूतनीकरण सुरू असताना प्रभाग कार्यालयातून हरकत आली की ड्राइव्हवेची परवानगी नाही. बांधकामाची परवानगी हातात होती, अडलं ते ड्राइव्हवेवर. काम थांबलं. अर्धं तोडलेलं दुकान, गिऱ्हाईक बंद, ठेकेदाराचं मीटर चालू. डिसेंबरमध्ये पुन्हा शिकागोत बैठक.

अशा ठिकाणी नकार कोणीच देत नाही. 'अमुक कागद कमी आहे' एवढंच म्हटलं जातं. ड्राइव्हवेचा परवाना निवडला यातच कसब आहे, कारण त्यातली त्रुटी खरी असू शकते. खटल्यात बचाव पक्षाने तेच मांडलं, की परवाना नव्हताच, मग नगरसेवकाने हटकलं तर गुन्हा कसला? फोन टॅप नसते तर हा बचाव टिकलाही असता. पण टेपवर प्रभाग कार्यालयातला सहायक आणि बर्क यांच्यात परवाना आणि करकाम हे दोन्ही विषय एकाच संभाषणात येतात.

---

वकील_नाही

लेकव्ह्यू, एक दुरुस्ती. त्या सहायकाला, पीटर अँड्र्यूजना, ज्युरीने सर्व आरोपांतून सोडलं. आणि बर्क ज्या एका आरोपातून सुटले तो याच दुकानाबद्दलच्या खंडणीच्या कटाचा. खंडणीचा प्रयत्न मात्र शाबीत झाला. कटाला दुसरा माणूस लागतो, तो सुटला तर कट राहत नाही, हे ज्युरीने बरोबर ओळखलं.

'प्रयत्न' या शब्दाकडे इथे अनेकांचं दुर्लक्ष होतं. संघराज्याच्या खंडणीविरोधी हॉब्ज कायद्याखाली खंडणी मिळालीच पाहिजे असं नाही, पदाचा धाक दाखवून मागितली तरी पुरे. 'एक पैसा तरी मिळाला का?' हा बचाव त्यामुळेच लंगडा पडतो.

---

लेकव्ह्यू

दुरुस्ती मान्य.

---

दप्तरी

बाकीची तीन प्रकरणं.

जुनं मुख्य पोस्ट ऑफिस. महामार्ग पोटातून जातो आणि तळाखालून अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीचे रूळ, अशी अजस्र इमारत, १९९६ पासून रिकामी. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ६०१ डब्ल्यू या कंपनीने घेतली. तिला अ‍ॅमट्रॅकशी आणि शहराच्या पाणी खात्याशी तडजोडी हव्या होत्या, शिवाय टीआयएफ निधीतून (ठरावीक भागातल्या वाढीव मालमत्ता करातून साठवलेला शहराचा विकासनिधी) १ कोटी ८० लाख डॉलर आणि ऐतिहासिक वास्तूसाठीची मोठी करसवलत. बर्क मदत करायला तयार, पण करकाम येईना. तेव्हा सोलिस यांच्याशी बोलताना ते म्हणाले की गल्ल्याची घंटी अजून वाजलेली नाही. दुसऱ्या एका फोनवर विचारलं, 'काय मग, ट्यूना गळाला लागला का?' हे वाक्य खटल्याची ओळखच बनलं. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने त्यांच्या फर्मला काम दिलं, त्यानंतर तीन महिन्यांत खाकी कागद लागला.

दुसरं पोर्टेज पार्कमधल्या दारूच्या दुकानाच्या पाटीचं. यावर कोणी सविस्तर लिहील का? तिसरं फील्ड म्युझियमचं. मित्राच्या मुलीचा इंटर्नशिपचा अर्ज तिथे कोणी पाहिलाच नाही, म्हणून बर्क चिडले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये म्युझियमची माणसं प्रवेशशुल्क वाढवण्याबद्दल बोलायला आली तेव्हा त्यांनी सुनावलं की मी उद्यान मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला तर तुमचा प्रस्ताव जागच्या जागी मरेल. म्युझियम घाबरलं, मुलीसाठी दुसरी जागा शोधू लागलं. तिने ती घेतलीच नाही. यात बर्कना काडीचा फायदा नव्हता, नुसता अपमान गिळता आला नाही. मला हे चारांत सगळ्यात बोलकं वाटतं.

---

करआकारणी

पाटीचं मी लिहितो, कारण त्यात आकडा आहे.

आयर्विंग पार्क रस्त्यावरची इमारत चार्ल्स कुई या विकासक-वकिलाची. भाडेकरू बिन्नीज ही दारू दुकानांची साखळी. तिथे आधीपासून खांबावरची उंच पाटी होती, ती वापरायला मिळेल या भरवशावर करार झाला. करारात अट अशी की पाटीला परवानगी मिळाली नाही तर भाड्यात एकूण साडेसात लाख डॉलरची सूट. इमारत खात्याने परवानगी नाकारली, जुन्या पाटीचा हक्क संपला असं कारण देऊन. म्हणजे एका पाटीची किंमत साडेसात लाख.

कुई यांचा करवकील आधीच ठरलेला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी त्यालाच ईमेल लिहून सांगितलं की हे काम बर्कना देतोय, ते वित्त समितीचे अध्यक्ष आहेत, महापालिकेत त्यांचं वजन आहे, मला आत्ता ते हवेत, पुढच्या वर्षी काम तुमच्याकडे परत आणीन.

आता यावर दुसरा कुठला पुरावा लागतो? काम चांगलं होतं म्हणून वकील बदलला, असं म्हणायची सोयच त्या ईमेलने ठेवली नाही. बर्क यांनी इमारत खात्याच्या आयुक्तांकडे विषय काढला. परवानगी तरीही मिळाली नाही. कुई पाचही आरोपांत दोषी.

आणि ही जागा बर्क यांच्या प्रभागातली नाहीच, ती ४५व्या प्रभागात येते. वित्त समितीची सावली किती लांब पडायची ते बघा.

---

कोकणकडा

हा सोलिस कोण? एफबीआयला टेप कोणी दिल्या?

---

वकील_नाही

डॅनी सोलिस, २५व्या प्रभागाचे नगरसेवक आणि झोनिंग समितीचे अध्यक्ष. २०१६ मध्ये एफबीआयने त्यांच्याच भानगडींचे पुरावे त्यांच्यापुढे ठेवले. तेव्हापासून ते अंगावर छुपं यंत्र बाळगून सभागृहात बसत होते. दोन वर्षांहून जास्त. बर्कही टेपवर आले आणि राज्य विधानसभेचे अध्यक्ष मॅडिगनही.

रेकॉर्डिंगचे दोन प्रकार वेगळे ठेवा. संभाषणातल्या एका माणसाची संमती असेल तर संघराज्याच्या तपासाला न्यायाधीशाचा हुकूम लागत नाही, सोलिसच्या टेप या प्रकारच्या. बर्क यांचा मोबाइल टॅप करायला मात्र कोर्टाचा आदेश लागतो. तो एका वेळी ३० दिवसांचा. साध्या मार्गांनी तपास होत नाही हे दर वेळी दाखवावं लागतं, आणि विषयाबाहेरचं बोलणं ऐकणं थांबवावं लागतं. इथे तर आरोपी वकील, त्यामुळे अशिलाशी झालेलं गोपनीय बोलणं वेगळं काढायची कसरत. तरी नऊ हजारांहून अधिक फोन नोंदले गेले.

बचाव पक्षाने टेप बाद करून घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सरकारने सोलिसना साक्षीला बोलावलंच नाही, टेपच बोलतायत तर डागी साक्षीदार कशाला? शेवटी बचाव पक्षाने त्यांना बोलावलं, खोटारडा म्हणून उघडं पाडायला. पण ज्युरीपुढे बर्क यांचा आवाज होता. सोलिस कितीही वाईट असला तरी गल्ल्याची घंटी त्याने वाजवली नव्हती.

सोलिसना तुरुंग नाही. खटला लांबणीवर टाकण्याचा करार होता, तो त्यांनी पाळला.

---

तिरकस

थोडक्यात, आधी जो पकडला जातो तो सुटतो. नंतर पकडलं जाण्यात शहाणपण नाही.

बाकी एफबीआयने धाड घातल्यावर, खंडणीची तक्रार दाखल झाल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये निवडणूक झाली आणि बर्क पहिल्याच फेरीत निवडून आले, हे राहिलं का सांगायचं? पन्नास टक्क्यांच्या वर मतं. प्रभाग तोवर बहुसंख्य लॅटिनो झालेला, तरी.

---

लेकव्ह्यू

त्यात नवल नाही. प्रभाग कार्यालय चांगलं चालायचं. बर्फ उचलला जायचा, झाड पडलं की गाडी यायची, दिवा गेला की लागायचा. आणि पाठीशी निवडणूक निधी केवढा! पुढे त्यातलाच पैसा वकिलांना गेला. निवडणूक निधीतून फौजदारी वकिलाची फी देता येते, असं इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं. तो खटला कोणाचा? सोलिसचा.

फटका बसला तो महापौरपदाच्या निवडणुकीला. बर्क यांच्या जवळचे उमेदवार झटकन लांब पळू लागले आणि बाहेरच्या लोरी लाइटफूट एप्रिल २०१९ मध्ये निवडून आल्या. शपथविधीच्याच दिवशी त्यांनी परवान्यांमधला नगरसेवकांचा विशेषाधिकार काढणारा आदेश काढला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा वर्षाला सुमारे १० कोटी डॉलरचा कार्यक्रम वित्त समितीकडे होता. शहराच्या महानिरीक्षकांनाही त्याची दप्तरं मिळत नव्हती. तो लाइटफूट येण्याआधीच, जानेवारीत, प्रशासनाकडे गेला. करअपिलांची वकिली नगरसेवकांना बंद झाली ती त्या वर्षीच्या नीतिनियमांत.

झोनिंग मात्र आदेशाने हलत नाही, ते सभागृहाच्या मतावर असतं. तिथे प्रथा अजून पुष्कळशी जिवंत आहे.

---

गोदाकाठ

सरकारने किती शिक्षा मागितली होती? दोन वर्षं फारच कमी वाटतात.

---

वकील_नाही

दहा वर्षं. न्यायाधीश व्हर्जिनिया केंडल यांच्यापुढे बर्क यांच्या बाजूने दोनशेहून जास्त पत्रं आली. धर्मगुरू, शेजारी, ज्यांना त्यांनी अडचणीत मदत केली ते लोक. वय ८०. पत्नी अ‍ॅन बर्क, इलिनॉय सर्वोच्च न्यायालयाच्या माजी सरन्यायाधीश. या पत्रांचं वजन पडलं हे उघड आहे. २३ सप्टेंबर २०२४ ला ते थॉमसनच्या तुरुंगात हजर झाले, साधारण दहा महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये बाहेर.

तुलनेला मॅडिगन घ्या. जून २०२५ मध्ये साडेसात वर्षं आणि २५ लाख डॉलर. त्यांचाही धंदा मालमत्ता कराच्या अपिलांचाच.

अजून एक तारीख. बर्कना शिक्षा झाली २४ जूनला. २६ जून २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्नायडर खटल्यात निकाल दिला की काम झाल्यावर दिलेली बक्षिशी त्या विशिष्ट लाचविरोधी कलमात बसत नाही, सौदा आधी झालेला हवा. बर्क यांच्या टेपवर मागणी आधी आहे, काम नंतर.

---

करआकारणी

गोदाकाठ, शिक्षेबद्दल माझं मत वेगळं आहे. दोन वर्षं कमी की जास्त हा वाद घालत बसण्यापेक्षा १९६९ ते २०१६ मध्ये काय झालं ते विचारा. आरोपपत्रातले व्यवहार सगळे २०१६ ते २०१८ मधले, म्हणजे ज्या काळात कोणीतरी ऐकत होतं तेवढेच. फर्म त्याआधी कैक वर्षं चालू होती. १९७० च्या दशकापासून शिकागोचे तीसहून अधिक नगरसेवक शिक्षा होऊन गेले आणि तो सगळा काळ बर्क सभागृहात बसून होते. व्हर्डोलियाक तर दोनदा आत जाऊन आले.

---

कोकणकडा

सगळं वाचलं. ती खांबावरची पाटी शेवटी लागली का?

---

करआकारणी

नाही.